हौदावरची फरशी

तुम्ही खोटं लिहिलंत. चौकशीच्या कागदावर, शिक्क्यासकट, दोन ओळींत: भट्टीखात्यातला कामगार घरगुती कारणावरून, कुणालाही न सांगता निघून गेला. चौकशी अधिकारी म्हणून कारखान्यात आलात, फोरमनच्या खोलीत पंख्याखाली बसलात, सही ठोकलीत, गेलात. भट्टीखात्यात पाऊल टाकलं नाहीत. ज्या बाईच्या नवऱ्याला पळपुटा ठरवलंत, तिला एक प्रश्न विचारला नाहीत. तिने काय केलं ते आता ऐका.

ती त्याच कारखान्यात तपासणीला आहे. बेअरिंगचे पोलादी छर्रे तिरक्या काचेवरून सोडायचे. सरळ गेला तो गोल, वाकडा गेला तो बाद. बारा वर्षं हेच काम. नजर अशी बसलीय की केसभर चुकलेला छर्राही सुटत नाही. नवरा पलीकडे भट्टीवर. छर्रे लाल करायचे नि तेलाच्या हौदात बुडवायचे. म्हणून अख्खा कारखाना तिला वहिनी म्हणतो.

नवऱ्याला वाचायचा नाद. जेवणाच्या सुट्टीत तो तिला कुठल्या तरी प्राचीन ग्रीक पंडिताचं सांगत बसायचा.

"तो म्हणायचा, प्रत्येक वस्तूची आपली एक जागा असते. दगड खाली का पडतो? त्याला घरी जायचं असतं म्हणून."

"मग तुम्ही सहाला सुटून आठला कसे पोचता? दगडाला कळतं ते तुम्हाला कळत नाही?"

तो हसायचा. "डोकं अफाट होतं गं म्हाताऱ्याचं. लोकांनी शेकडो वर्षं माना डोलावल्या. पण कुणीतरी उठून, दोन दगड टाकून बघायला नको का?"

हौदाचा कठडा तुटला होता. त्याने तीनदा लेखी कळवलं होतं. चौथ्या वेळी कळवायला तो राहिला नाही. एका संध्याकाळी आठ वाजले, दहा वाजले, तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी कारखाना बंद ठेवला गेला. तिसऱ्या दिवशी ती भट्टीखात्यात गेली, तर हौद नव्हता. त्या जागी ओलं काँक्रीट होतं.

"जुना झाला होता, बुजवला," फोरमन म्हणाला. "नवा येतोय."

चार महिन्यांनी त्याच्या कपाटातलं सामान तिच्या हातात दिलं. थर्मास, पेन्सिल, सायकलच्या घंटेची वाटी. भट्टीखात्यातून बाहेर पडताना थर्मासचं झाकण निसटलं, कडेवर उभं राहिलं आणि घरंगळत निघालं. यंत्रांच्या पायांमधून वळणं घेत गेलं, नव्या फरशीच्या मध्यावर पोचलं आणि थांबलं. आडवं पडलं नाही. उभंच राहिलं, कुणी दोन बोटांत धरल्यासारखं.

"उतार आहे वहिनी फरशीला," मागून फोरमन म्हणाला.

तिने पाणसळ आणून ठेवली. उतार होता, खरंच. पण गटाराकडे, उलट्या बाजूला. झाकण चढ चढून गेलं होतं.

भुताखेतांच्या गप्पांची तिला चीड आहे. तिने तपासणीची कोरी वही उघडली. रोज जेवणाच्या सुट्टीत, खातं रिकामं असताना, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पेन्सिल सोडली, गेली. घंटेची वाटी सोडली, गेली. दाराकडून सोडली, खिडकीकडून सोडली, भट्टी तापलेली असताना, थंड असताना. सगळं त्याच जागी. मग दुसऱ्यांचं सामान. फोरमनची पेन्सिल गटाराकडे गेली. कँटीनमधलं झाकण गटाराकडे गेलं.

आपल्याच हाताचा झटका बसत असेल, अशीही शंका तिने घेतली. झाडणाऱ्या मावशींना म्हणाली, "दोन सारखी झाकणं कागदात गुंडाळून द्या. कुठलं कुणाचं ते मला सांगू नका."

"डोकं फिरलंय का बाई तुझं?"

"तेच तर तपासतेय मावशी."

वीस वेळा सोडलं. वीसही वेळा त्याचं झाकण हौदावर गेलं. मावशी पदराने तोंड दाबून उभ्या राहिल्या आणि पुन्हा त्या खात्यात झाडायला आल्या नाहीत.

मग तिने आपल्याच फळीवर तपासायच्या राहिलेल्या डब्यातला कोराकरकरीत छर्रा घेतला. हा कुणाचाच नाही, हा गटाराकडे जायला हवा. तो हौदाकडे गेला. तिने वहीत लिहिलं, 'माझं म्हणणं चुकलं.' त्या रात्री सासूने विचारलं, "काय लागलं हाती?" ती म्हणाली, "काही नाही, आई. उतारच असेल." म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी तिने त्या डब्यावरचा शिक्का पाहिला. लॉट त्या संध्याकाळचा होता. त्याच्या हातून हौदात बुडालेला शेवटचा लॉट. बारा वर्षं लोकांचे छर्रे बाद करणाऱ्या बाईने स्वतःचा डबा तपासला नव्हता. तिने दुसऱ्या पाळीचा छर्रा आणला. तो गुमान गटाराकडे गेला. आदल्या दिवशीचं वाक्य तिने खोडलं नाही. खाली तारीख घालून नवं लिहिलं.

एकच वस्तू तपासायची राहिली होती.

तपासणीची चाकांची खुर्ची तिने भट्टीखात्यात नेली, बसली आणि दोन्ही पाय वर उचलले. काही झालं नाही. भट्टीचा पंखा घुंघुं करत होता. मग चाकं कुरकुरली. खुर्ची हळूच वळली, चढाला लागली. घाई नव्हती. दमून घरी येणारा माणूस चालतो तशी चालली. फरशीच्या मध्यावर ती थांबली आणि तिच्या तळव्यांना खालून ऊब लागली. गार तेलाचा वास आला.

"वहिनी, उतरा तिथून." फोरमन दारात होता.

ती उतरली. खुर्ची मागे आणून त्याच्यासमोर ठेवली. "बसा. पाय वर घ्या."

"मला कामं आहेत."

"उतार आहे म्हणालात ना? मग बसायला काय हरकत आहे?"

फोरमनने खुर्चीकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. चेहरा उतरला. तो मागच्या मागे निघून गेला. तिने वहीत वेळ टाकून नोंद केली: 'बसला नाही.'

त्या वहीची नक्कल तिने तुम्हाला पाठवली. नक्कल परत आली, सोबत उत्तर: अर्जदार मानसिक धक्क्यात आहे. वही उघडल्याची खूणसुद्धा नाही, पानं जशीच्या तशी चिकटलेली. येत्या सोमवारी त्या जागेवर चाळीस टनांचं प्रेस यंत्र बसतंय. एकदा ते बसलं की कुणाचा बाप खणू शकणार नाही.

तिचं म्हणणं खरं माना असं ती म्हणत नाही. उलट, ते खोटं पाडायचा रस्ता तिने शेवटच्या पानावर स्वतःच लिहून दिलाय: एक सब्बल, दोन माणसं, अर्धा दिवस. खाली नुसता मुरूम निघाला तर ती वही भट्टीत टाकेल आणि नवरा पळाला असं चारचौघांत कबूल करेल. सासू घरी बसून तेवढ्याचीच वाट बघतेय, मुलगा आहे की गेला.

त्या ग्रीक म्हाताऱ्याला निदान कुणी वही आणून दिली नव्हती. तुम्हाला दिलीय. शनिवारी सकाळी ती सब्बल घेऊन भट्टीखात्याच्या दारात उभी असेल. तुम्ही येणार आहात की नाही, आणि येणार नसाल तर त्या फरशीखाली काय आहे, ते लेखी द्या.