कळलाव्याची कैफियत

मी एक जुना कळलाव्या आहे. शिवी समजू नका, हा माझा धंदाच आहे. पेशीच्या अंगावर एक कळ असते, ती मी दाबतो, आणि माणसाला कळ येते. मी प्रथिनाचा एक कण आहे, इतका लहान की सुईच्या टोकावर माझी अख्खी जमात मावेल. वय विचाराल तर मी घटकाभरच जगतो. पण मी विरलो की त्याच साच्यातून दुसरा निघतो, आणि आम्ही सगळे स्वतःला ‘मी’च म्हणतो.

मित्रांनो, माझा जन्म एका काजवालीच्या अंगात झाला. ती शिंप्याच्या दुकानात हाताने बटणांची काजं करायची. सुई बोटात घुसली की तिथली पहारेकरी पेशी मला घडवून बाहेर सोडायची. मी निरोप द्यायचो, ‘या, इथे घुसखोर आहेत.’ पांढऱ्या पेशी यायच्या, बोट सुजायचं, ठणकायचं आणि चार दिवसांत बरं व्हायचं. श्रेय मलमाला. चालायचंच, राबणाऱ्याला कोण विचारतो.

मग तिच्या पहारेकऱ्यांना तिच्याच बोटांचे सांधे परके वाटू लागले. का, ते मला माहीत नाही; शहाण्यांनाही पुरतं माहीत नाही. मला हुकूम झाला, मी निरोप दिला. तो खरा की खोटा हे निरोप्याला कुठे वाचता येतं? ज्यांना मी बोलावलं त्यांनी माझ्यासारखे आणखी हजार घडवले, त्या हजारांनी आणखी बोलावले. भाऊबंदकी अशीच वाढते. आम्ही सांध्याचं अस्तर सुजवलं, मग हाड कुरतडायला लावलं. होय, मी लावलं. लपवत नाही. पण मी एकटा नव्हतो.

रोज सकाळी तिची बोटं लाकडासारखी व्हायची. हलवत राहिली की दुपारपर्यंत सैल पडायची. इथेच सगळे फसले.

“सकाळी मोडतं नि दुपारी जुळतं, असलं कसलं गं तुझं दुखणं?” थोरली जाऊ म्हणायची. “कणीक मळायची वेळ बरोबर कळते त्याला.”

दुकानाचे मास्तर त्याहून गोड. “बाई, उशिरा यायचं तर सरळ या. बिचाऱ्या बोटांना कशाला मध्ये घालता?”

दवाखान्यासाठी मास्तर दुपारचीच सुटी द्यायचे. डॉक्टर बोटं वाकवून बघायचे आणि मेली बोटं निमूट वाकायची. “थोडी सूज आहे. हाताचं काम ना तुमचं? मनाला लावून घेऊ नका.” तीन वर्षं हेच. दुखणं सकाळी, डॉक्टर दुपारी. हाड मात्र दोन्ही वेळा झिजत होतं.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी हात धरण्याआधी विचारलं, “सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?”

“लेक शाळेला जाईपर्यंत. तिची वेणी जाऊबाईच घालतात.”

तेवढ्यावर रक्ताची तपासणी झाली आणि औषध सुरू झालं. ते औषध म्हणजे खोटं काज. मी बटणासारखा त्यात अडकतो, पेशीपर्यंत पोचतच नाही. मी अडकल्यावर खऱ्या घुसखोरांचंही फावतं, म्हणून ताप आला की लगेच या, असं डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं आहे. माझी गरज होती हे मला बांधल्यावर कळलं, हेही नसे थोडके.

कळ थांबली. वाकलेली दोन बोटं सरळ झाली नाहीत. हाड परत येत नाही.

ती दुकानात गेली. सुई धरली, सुई निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. मास्तर चष्मा काढून म्हणाले, “अहो, इतकं होतं तर आधी दाखवायचं नाही का?”

“दाखवत होते,” ती म्हणाली. “तुम्ही दुपारी बघत होता.”

आता ती काजं करत नाही. तयार कपड्यांच्या घड्या घालते.

मित्रांनो, रोगाला नावं ठेवा, मलाही ठेवा, माझं कातडं जाड आहे. खरं तर मला कातडंच नाही. पण घरात कोणी ‘सकाळी दुखतं’ म्हणालं तर सकाळी उठून बघा. मी आंधळा निरोप्या, मला चूक ओळखता आली नाही. तुम्हाला तर डोळे होते.