आत्याचा उलटा मार

अक्षदाचा उजवा हात गिटारवर ठरावीक वेगापर्यंत शहाण्यासारखा चालायचा आणि त्यापुढं गेला की लाकूड व्हायचा. पुण्याच्या मुलींच्या बँडनं गेल्या वर्षी तिला एवढ्याचसाठी परत पाठवलं होतं. आता रविवारी दुसरी ट्रायल होती, आणि तिसरी मिळणार नाही, असं त्यांनी स्पष्टच कळवलं होतं.

येरमाळ्याच्या घरात ती सकाळपासून इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसायची. तारा छेडायचं पिक खाली, वर, खाली, वर. जगभरातल्या गुरूंचे व्हिडिओ पाहून झाले. दात-ओठ खाऊन जोर लावावा, तर हात आणखीच अडायचा.

बुधवारी सिताबाई आत्या मुक्कामाला आली. येडेश्वरी देवीची गाणी म्हणणारी आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, पिशवीत तुणतुणं. अक्षदाचा तिच्यावर जीव होता, पण मैत्रिणींपुढं त्या एका तारेची तिला लाज वाटायची, खोटं कशाला बोला!

आत्यानं घटकाभर ऐकलं. "खाली जाणारा मार पैलवान अन् वर येणारा उपाशी. मग हात दमंल न्हाय तर काय?"

"आत्या, तुमची एकच तार. हे लई अवघड असतंय."

"एकच तार हाय म्हणून तर लपाया जागा न्हाय. आमी चार-चार घंटे गाणी म्हणताव. दोन्ही मार सारखे न्हाय पडले, तर पहिल्याच गाण्यात मनगट धरतंय. ही काडी घे. हलक्या हातानं धर, अन् ठेका उलट्या मारावर घे. खालून वर."

अक्षदानं तुणतुणं काखेत घेतलं आणि तिची पार फजिती झाली. तिचा उलटा मार मुळात मारच नव्हता, हात नुसता माघारी येत होता. आत्यानं तीन दिवस तिला गिटारला शिवू दिलं नाही. शनिवारी संध्याकाळी शिवू दिलं, आणि पिक तारांवरून असं सुटलं की अक्षदा स्वतःच हसायला लागली.

रविवारी तिला बँडमध्ये घेतलं. प्रमुख गायत्रीनं विचारलं, "कुणाकडं शिकलीस?"

"माझ्या आत्याकडं. त्या आराधीण आहेत, तुणतुणं वाजवतात," अक्षदा ठासून म्हणाली.

घरी फोन लावला, तर वडिलांनी, धनाजींनी, उचलला. "आत्या सास्तूरला गेली बग. शुक्रवारी तिथं तिचा मेळा होता, देवीच्या गाण्यांचा. तुझ्यापायी गेली न्हाय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चुकला. आता माफी मागून उद्या गाणार हाय."

अक्षदाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. ती पुण्याहून सोमवारी थेट सास्तूरला गेली. आराधी मंडळी जमलेली. तिनं सगळ्यांदेखत आत्याचे पाय धरले.

"तुमच्यामुळं झालं, आत्या."

"देवीनं दिलं गं."

"देवीनं दिलं. पण मेळा तुमी सोडला."

आत्यानं डोळे पुसले आणि तुणतुणं अक्षदाच्या हातात दिलं.

"वाजव. आज मला नुसतं गाऊ दे."