बिल क्रमांक चौदाचं गाऱ्हाणं

माणसाच्या तोंडावर पैसे मागणं मला जमत नाही. मला घाम फुटतो, मग मी हवापाण्याचं बोलते आणि घरी येऊन आईवर डाफरते. म्हणून मी बिलाचं अ‍ॅप घेतलं.

मी आमच्या गावी, तोंडवलीत राहून होमस्टेवाल्यांची कामं करते. खोल्यांचे फोटो, वेबसाइट, बुकिंगचं पान, आणि मालक झोपलेला असला तरी गिऱ्हाइकाला आपोआप जाणारं उत्तर. काम संपलं की अ‍ॅप बिल पाठवतं. पैसे आले की पावती पाठवतं, नाही आले तर तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी आठवण करून देतं. त्यानंतर रोज सकाळी नऊला. भाषा गोड असते. माझी इतके दिवस राहिली नसती.

बिल क्रमांक चौदा सुदेशचं. रक्कम अठ्ठेचाळीस हजार. त्याचा होमस्टे आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे.

लॅपटॉपचे हप्ते माझा थोरला भाऊ धनेश ठाण्याहून भरत होता. तीन हप्ते झाल्यावर त्याचा फोन आला. "तीस तारखेपर्यंत पैशे इले तर ऱ्हव थंय. नायतर ठाण्याक ये. माज्या ऑफिसात जागा आसा, पयल्या तारखेपासून." तो ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं. मला जायचं नव्हतं. चार वर्षं तिकडे काढूनच मी परत आले होते, आणि गावात बसून आपलं पोट आपल्या कामावर भरतं हे मला एकदा दाखवायचं होतं. धनेशला, आणि त्याहून जास्त मला.

इकडे अ‍ॅप रोज सकाळी नऊला लिहायचं, "आदरणीय सुदेशजी, बिल क्रमांक १४ ची रक्कम येणे आहे." नऊ वाजून काही सेकंदांनी उत्तर यायचं, "नमस्कार! आमच्याकडे आपलं मनापासून स्वागत. खोली एसी हवी की नॉन-एसी? जेवणात मासे चालतील ना?" ते उत्तर मीच लिहिलेलं होतं. बिल क्रमांक चौदा त्याच कामाचं होतं.

असं एकसष्ट दिवस चाललं. एकसष्टाव्या दिवशी मला जुनं गिऱ्हाईक म्हणून दहा टक्के सूट मिळाली. ती सोयही मीच करून दिली होती, वेगळे पैसे न लावता.

या काळात सुदेश मला वीसेक वेळा तरी भेटला असेल. "काय गो, बरा मा?" तो विचारायचा. "बरा," मी म्हणायची. एकदा तो म्हणाला, बांगडे स्वस्त झाले. मी व्हय म्हटलं आणि पुढे गेले.

अठ्ठावीस तारखेला त्याच्या नव्या खोलीची पूजा होती. सगळी वाडी जाणार म्हणून मीही गेले. गाऱ्हाणं घालायला दाजी होते. नवी होडी असो की नवं घर, देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांचं म्हणणं मांडायचं काम आमच्याकडे त्यांचंच. ते एकेक वाक्य बोलतात आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ऐकायची गरज पडत नाही. दाजी श्वास घ्यायला थांबले की तोंडातून निघतंच.

"बा देवा म्हाराजा, ह्या सुदेशान नवी खोली बांधल्यान हा, ती बारा म्हयने भरलेली ऱ्हवांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

संपवण्याआधी दाजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आणि कोणाचा काय आसा?"

कोणी गुडघ्याचं सांगितलं, कोणी नातवाच्या परीक्षेचं. मी पुढे होऊन हळूच म्हटलं, "माजे थकलेले पैशे येवंदेत." एवढंच म्हणायचं होतं. सुदेशचं नाव घ्यायचं माझ्या मनातही नव्हतं.

दाजींनी कपाळाला आठी घातली. "देवाक पुरा सांगूक व्हया, गो. तो खंय खंय शोधतलो? कोणाकडे ता सांग. कसल्या कामाचे, किती, कधीपासून, सगळा सांग."

अ‍ॅपमध्ये बिल करताना भरायचे चार रकाने, त्याच क्रमाने. परवा तीस तारीख होती. मी दाजींच्या कानाशी वाकले, चारही भरले आणि तीस तारीखही सांगितली.

दाजींच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्या दीपिकान सुदेशाच्या खोल्यांचे फोटो काढल्यान, कम्पुटरात घातल्यान. तेचे अठ्ठेचाळीस हजार गणपतीच्या आदीपासून येवचे ऱ्हवले हत. ते तिका तीस तारखेच्या आत गावंदेत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यजमान म्हणून सुदेश सगळ्यांच्या पुढे, हात जोडून उभा होता. सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच आला. मग त्याने डोळे उघडले.

प्रसाद वाटताना तो माझ्यापाशी थांबला. "माका सांगलंस कित्याक नाय?"

"एकसष्ट वेळा सांगलंय."

तो हातातलं ताट सारखं करत म्हणाला, "पयलो मेसेज मी बघितलंय. पैशे तेव्हा ह्या खोलीत गेलेले. नाय म्हणूची लाज वाटली. मगे बघितलंय तर तुजा ता उत्तर आपसूक जाता. म्हटलंय, बरा आसा."

मला भयंकर राग आला. त्याहून वाईट म्हणजे मला त्याचं पटलं, कारण मीही त्याच लाजेपायी अ‍ॅप घेतलं होतं. दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तर दोन महिने वाचले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवीत रोकड घेऊन दारात आला. पुरे अठ्ठेचाळीस हजार. "खंयसून हाडलंस?" मी विचारलं.

"ता इचारू नको. देवाफुडे व्हय म्हटलंय मा मी?"

त्याच्या गळ्यातली नेहमीची सोन्याची साखळी दिसली नाही. मी चहा विचारला, तो थांबला नाही.

धनेशला फोन करून येत नसल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "बरा झाला. फुडचे हप्ते तू भर." मी भरीन म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडले.

मग अ‍ॅप उघडून रक्कम जमा केली. वसुली कशाने झाली, असं त्याने विचारलं. ईमेल, मेसेज, फोन, इतर. मी 'इतर' निवडलं. तपशील लिहा म्हणालं, म्हणून 'गाऱ्हाणं' लिहिलं. पावती आपोआप सुदेशकडे गेली, आणि काही सेकंदांनी माझं मनापासून स्वागत झालं.