मंजुळेचा दुसरा भाग

प्रमोदिनीचा नवरा धारला पटकीनं गेला, ते १९०२ साल होतं. ती अजून विशीतही नव्हती. सासरच्यांनी केशवपनासाठी न्हाव्याला सांगावा धाडला. पण देवासच्या दरबारात कारकून असलेले तिचे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, बैलगाडी घेऊन गेले आणि लेकीला तशीच घरी घेऊन आले. नुकतीच त्यांनी पुण्याचे नावाजलेले लेखक चिरमुले यांची कादंबरी वाचली होती. तिच्यातला बाप आपल्या विधवा मुलीचे, मंजुळेचे, केस उतरवू देत नाही. "एवढा मोठा माणूस लिहितो, ते का खोटं?" असं भाऊ भेटेल त्याला सांगत.

प्रमोदिनी त्याच पुस्तकावर वाचायला शिकली. मंजुळा तिला मैत्रिणीसारखी झाली.

काही वर्षांनी पुण्याहून टपालानं दुसरा भाग आला. दुपारी ओसरीवर प्रमोदिनी आणि तिची आई, माई, गहू निवडत होत्या, भाऊ मोठ्यानं वाचत होते. मंजुळा पुन्हा भेटली म्हणून प्रमोदिनी आधी हसली. मग मंजुळेला पश्चात्ताप होऊ लागला. बापाच्या हट्टानं आपला धर्म बुडाला म्हणत ती काशीला गेली आणि घाटावर तिनं केस उतरवले. भाऊंचा आवाज बारीक झाला. शेवटचं पान त्यांनी मनातच वाचलं.

"भाऊ, हे त्यांनीच लिहिलंय?"

"त्यांनीच. आता वय झालं, अनुभव आला. विचार करूनच लिहिलं असेल."

"आणि तुम्ही मला आणलंत, ते?"

भाऊ चष्मा पुसत राहिले.

त्यानंतर पाहुणे आले की ते तिला "आत जा" म्हणू लागले. होळी झाल्यावर धारहून तिचा दीर भास्कर आला. पुस्तक त्यानंही वाचलं होतं.

"आता तरी रीत होऊ द्या," तो म्हणाला.

भाऊ मान खाली घालून बसले. दाराआडून प्रमोदिनी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

एरवी परक्यासमोर न येणारी माई पदर खोचून बाहेर आली. "माझ्या पोरीच्या डोक्याला कुणी हात लावायचा नाही. जेवून घ्या आणि गाडी जोडा."

भास्कर न जेवताच गेला.

प्रमोदिनी माईच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. "मला वाटलं होतं, मला घरी आणलं ते भाऊंच्या स्वतःच्या मनातलं होतं," एवढंच ती म्हणाली. माईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

भाऊ पुढे बरीच वर्षं जगले. तिच्या हातून औषध घेत, तब्येत विचारत. पण तिच्याशी बोलताना दुसरीकडे बघत. तीही मग काही विचारीनाशी झाली.