पहिली बरणी

"मागचा भाग एवढा फुगीर असायलाच नको, आजी. हे बघ ना," म्हणत अक्षताने लॅपटॉप पुढे सरकवला, तेव्हा शेवंती तांदूळ निवडत होती. पडद्यावर काचेची बरणी होती आणि बरणीत पिवळट पडलेला, बोटाच्या पेराएवढा मेंदू. शेवंतीने चष्मा वर करून पाहिलं आणि पुन्हा ताटात हात घातला. बरणी तिने ओळखली होती. आतलं तर बरणीहून जास्त ओळखलं होतं.

परळच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये तिचा नवरा जयवंत अटेंडंट होता. तो अकाली गेला आणि त्याच्या जागी तिला घेतलं. शाळा चौथीत सुटलेली, पण हात स्वच्छ आणि तोंड त्याहून चालू. तिथे तिने बावीस वर्षं काढली. त्या नोकरीतून पेन्शनीखेरीज तिने घरी आणलं ते एक वाक्य: "बावीस वर्षांत माझ्या हातून एक काच फुटली नाही." काळाचौकीच्या त्या खोलीत कपाचा नुसता कान उडाला तरी सुनेला, पद्मजाला, हे वाक्य ऐकावं लागे. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तरी पद्मजा काचेच्या वस्तू दोन्ही हातांनी उचलायची.

लॅबमध्ये भिंतीला लागून एक फळी होती आणि फळीवर मेंदूंची रांग होती. लॅम्प्रे, मुशी, बेडूक, सरडा, कबुतर, ससा. दरवर्षी सर मुलांना तेच सांगायचे. पुढचा, मधला आणि मागचा, असे तीन फुगवटे सगळ्यांना असतात. कोट्यवधी वर्षांत फक्त कुणाचा कुठला भाग वाढला, एवढाच फरक. फरशी पुसता पुसता शेवंतीला ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. चाळीतल्या सगळ्या खोल्या एकाच मापाच्या. कुणी पोटमाळा काढतो, कुणी गॅलरी आत घेतो, पण चार भिंती मूळच्याच. सशाने पोटमाळा काढला होता, एवढंच.

अक्षता आता त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. रांगेतल्या प्रत्येक मेंदूचं माप घेऊन तिने प्रोजेक्ट केला होता. तिने आजीला समजावून सांगितलं की लॅम्प्रे म्हणजे जबडा नसलेला मासा. त्याचं आणि आपलं घराणं पन्नास कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं, म्हणून रांगेत तो पहिला. त्याच्या मेंदूत मागचा लहान मेंदू जवळजवळ नसतोच, असं पुस्तकं सांगतात. पण ह्या बरणीत तो चांगला टपोरा होता. शुक्रवारी एका मोठ्या संस्थेतल्या बाई येणार होत्या. त्यांना काम पटलं, तर सुट्टीत दोन महिने त्यांच्या लॅबमध्ये जायला मिळणार होतं.

"पुस्तकंच चुकली असतील तर?" अक्षता म्हणाली.

"पुस्तकं कशाक चुकतील? तूच नीट बघ."

"मी दहा वेळा मोजलंय. तुला काय कळतंय त्यातलं?"

ते शेवंतीला लागलं. एरवी तिने नातीला तिथल्या तिथे सोलली असती. आज ती नुसते तांदळातले खडे वेचत राहिली, हे पद्मजाने ओट्यापाशी उभं राहून टिपलं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीतल्या साफसफाईत, पहिली बरणी तिच्या हातून निसटली होती. आतलं काचांखाली चेंदलं. असला मासा आपल्या समुद्रात नाही, तो परदेशातून आणलाय, एवढं तिला माहीत होतं. नोकरी अजून कच्ची होती. पण खरं सांगायचं तर नोकरीची भीती पुढची. आधी आला तो अभिमान. बाईमाणसाला जमलं नाही, जयवंतच बरा होता, असं कुणी म्हणेल, ते तिला नको होतं. भिंतीवरच्या तक्त्यात लॅम्प्रे लांब, सापासारखा काढलेला होता. तिच्या कोकणातल्या डोळ्यांना तो सरळ सरळ वाम मासाच दिसला. तिने बाजारातून वाम आणली. तीन डोकी वाया गेली, चौथ्यातून मेंदू अखंड निघाला; तो तिने लॅबच्या औषधात घट्ट करून दुसऱ्या बरणीत घातला आणि जुन्या चिठ्ठीसकट पहिल्या जागी ठेवला. चार दिवस घरात वामीचंच कालवण होतं. अक्षताचा बाप आजही वाम खात नाही, आणि का, ते त्याला ठाऊक नाही.

बुधवारी सकाळी शेवंती एकटीच लालबागच्या बाजारात गेली. कोळणीने डोकं कापून टाकायला कोयता उचलला, तर हिने तिचा हात धरला. घरी येऊन जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, वामीचं डोकं फडक्यात घट्ट धरलं आणि अडकित्त्याने कवटीचं हाड सुपारी कातरावी तसं थोडं थोडं उडवलं. मग अक्षताला हाक मारली.

"मेंदू बाहेर काढलास तर चिखल होईल," ती म्हणाली. "दोन दिवस औषधात ठेवला की मग घट्ट होता. आता आतच बघ. हाच ना तुझा?"

अक्षता खाली बसली. मोबाइलमधला फोटो डोक्याशेजारी धरला. पुढचा, मधला आणि मागचा तो टपोरा फुगवटा.

"म्हणजे पहिली बरणी…"

"फुटली. माझ्या हातून. एकोणनव्वद साली. तीन डोकी वाया घालवली, मग चौथ्यातून हा काढला."

मोरीपाशी पद्मजा पाठमोरी उभी होती. नळ चालू होता.

"हसायचं असेल तर हस," शेवंती तिला म्हणाली.

"हसत नाही आई. ग्लास धुतेय."

अक्षता उठली आणि लॅपटॉप न उघडताच पोटमाळ्यावर गेली. दुपारी जेवायला उतरली तेव्हा डोळे सुजलेले होते. तरी तिने विचारलं, तीन डोकी वाया कशी गेली ते सांग, मला लिहायचंय.

शुक्रवारी शेवंती इस्त्रीची साडी नेसून कॉलेजात गेली. लॅब आता अनुजा मॅडमकडे होती. शेवंतीने तिला विद्यार्थिनी असताना पाहिलं होतं. अक्षताने उभं राहून सगळं सांगितलं. मापं तीच, मासा दुसरा. संस्थेतल्या बाईंनी प्रश्न विचारले, वहीत काहीतरी लिहिलं आणि कळवू म्हणाल्या. त्या गेल्यावर अनुजा मॅडम फळीकडे बघत राहिली.

"मावशी, मीपण ह्याच बरणीवरून शिकले. आणि पुढे वीस वर्षं मुलांना शिकवलं."

"चुकलं माझं," शेवंती म्हणाली. हे दोन शब्द तिच्या तोंडून ह्या इमारतीत पहिल्यांदाच निघाले. "बरणी कुठे ठेवायची, तेवढं सांग."

मॅडमने मुशीच्या पलीकडची, बेडकाच्या अलीकडची जागा दाखवली; वाम हाडांचा मासा, म्हणून मुशीनंतरचा. अक्षता पुढे झाली, पण शेवंतीने तिला कोपराने बाजूला केलं. दोन्ही हातांनी बरणी उचलली, तीन पावलं चालली आणि आवाज न करता खाली ठेवली. मॅडमने नवी चिठ्ठी लिहिली आणि वर्ष विचारून घेतलं.

फळीच्या सुरुवातीला बरणीच्या बुडाचा गोल डाग राहिला होता. शेवंतीने तो पदराने पुसला. दोनदा पुसला. मग पदर झटकला, आणि पहिली जागा तशीच रिकामी ठेवून ती नातीच्या पुढे जिना उतरायला लागली.