बसप्पाची बाटली

नवव्या वसाहतीतली माणसं बसप्पानंच मारली, हे साक्षीनं एका व्हिडिओत सिद्ध करून दाखवलं आणि आठवड्याभरात लाखो लोकांनी ते मान्यही करून टाकलं.

'नववी वसाहत' ही मंगळावर घडणारी मालिका. मोबाईलवर यायची, दर शुक्रवारी एक भाग. मंगळावर माणसांनी वस्ती केलेली, पाणी जेमतेम, आणि दोन-तीन भागांनी कुणीतरी गूढ आजारानं मरतंय. सगळ्यांचा संशय वस्तीच्या कप्तानावर, कारण तो दाढी ठेवायचा आणि रागानं बघायचा. बसप्पाकडं मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. तो खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून यायचा, पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायचा आणि निघून जायचा. अख्ख्या मालिकेत त्याच्या तोंडी धड चार वाक्यं नसतील.

साक्षीनं नेमकं त्यालाच धरलं. "बघा," तिनं व्हिडिओत सांगितलं, "चावी फिरवण्याआधी हा नळाला कान लावतो. काय ऐकतो? पाणी यायच्या आत निघतो, मागं वळून बघत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हा वस्तीतलं पाणी कधीच पीत नाही. स्वतःची बाटली आणतो. का? कारण त्या पाण्यात काय आहे, ते त्याला ठाऊक आहे!"

दिवसभर गणवेशाच्या कारखान्यात बिलं करायची आणि संध्याकाळी मंगळावरचे गुन्हे उकलायचे, असा तिचा उद्योग. आपण हे सगळं इतक्या बारकाईनं कसं काय टिपलं, असा प्रश्न तिला पडला नाही. खरं तर पडायला हवा होता. तिचे वडील हरिदास शहरात पाणी सोडायचंच काम करत. सोलापुरात पाणी येतं पाळीनं, चार दिवसांनी, पाच दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. पाळीच्या दिवशी गल्लीला हा चावीवाला जावयापेक्षा लाडका असतो, आणि तासभर उशीर झाला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. कामावर निघताना हरिदास पाण्याची बाटली बरोबर घेत. आई वारल्यापासून ती बाटली साक्षीच भरून द्यायची.

हरिदासांनी व्हिडिओ जेवताना बघितला. "ब्येस केलंस," म्हणाले. मग कडक भाकरीचा तुकडा मोडत त्यांनी विचारलं, "पन त्याला घर न्हाई का?"

"कुणाला?"

"बसप्पाला."

"दाखवलं नाही, बाबा."

"हां," म्हणाले आणि चटणी मागितली.

पुढच्याच आठवड्यात चिंचेच्या गल्लीत पोरांना उलट्या-जुलाब सुरू झाले. कोपऱ्यावर कुणी केबलसाठी खोदून ठेवलं होतं, गटाराचं पाणी नळात मिसळत होतं. हरिदासांनी दारोदार सांगितलं होतं, उकळून प्या म्हणून. पण चावीवाल्याचं ऐकतंय कोण. दोन पोरांना सलाईन लावायची वेळ आली, तेव्हा गल्लीला कुणीतरी धरायला पाहिजे होतं.

साक्षीला हे कळलं ते कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हसत हसत मोबाईल पुढं केला, "अगं, तुझाच आवाज आहे की हा!" गल्लीतल्या पृथ्वीराज नावाच्या पोरानं हरिदास चावी फिरवतानाचं चित्रण केलं होतं आणि त्यावर साक्षीचा आवाज चिकटवला होता. आधी गंमत म्हणून केलं असेल. पण खाली लोकांनी लिहिलं होतं ते गमतीचं नव्हतं. 'आज पाळी आहे. येऊ दे त्याला.'

तिनं ते चित्रण पुन्हा बघितलं. बाबा पाइपाला कान लावत होते. हात विजारीला पुसत होते. खिशातून बाटली काढून घोटभर पीत होते आणि मागं न बघता चालू लागत होते. वरून तिचा आवाज विचारत होता, "का?" सगळं जुळत होतं. आणि क्षणभर, खरंच क्षणभरच, तिच्याही मनात आलं की का पीत नाहीत बाबा तिथलं पाणी? लहानपणी तिनं विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "दुसऱ्याच्या घरचं पाणी मला बाधतं, बाळा." त्या क्षणाची तिला इतकी लाज वाटली की डबा तसाच टाकून ती उठली.

बाबांचा फोन लागत नव्हता. एकदा, दोनदा, मग ती नुसती दाबतच राहिली. रिक्षात बसल्यावरही, सिग्नल लागला की ती पुन्हा नंबर फिरवायची. माणसं जमली की काय करतात, हे तिनं मोबाईलवर पुष्कळ बघितलं होतं. त्यात मार खाणाऱ्या एकाच्याही अंगावर बाबांचा शर्ट नव्हता, एवढाच काय तो फरक.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडून ती पळाली. व्हॉल्व्हच्या खड्ड्याभोवती पंधरा-वीस माणसं होती. मध्ये हरिदास. त्यांची चावी पृथ्वीराजच्या हातात.

"तुझीच पोरगी सांगतीय की!" तो ओरडत होता. "एवढी वर्सं येतोयस, हितलं पानी कदी पिलास का? एकदा तरी?"

"तितं खोदलंय, गटार मिसळतंय," हरिदास म्हणाले. "मी सांगितलं हुतं सगळ्यांना."

"आमची पोरं दवाखान्यात पडल्यात आन् तू आमाला शिकवतोस व्हय?"

"बाबा!" साक्षीनं हाक मारली. त्यांनी बघितलं आणि हातानंच 'तिथंच थांब' म्हणून खुणावलं.

ओट्यावर रंभाबाई बसल्या होत्या, गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. त्यांना भांडण नको होतं. "कशाला गलका करताय?" त्या म्हणाल्या. "मागल्या पाळीचं भरलेलं हाय की घरात. पिऊन दावंल तो, झालं. वैष्णवी, पानी आन गं."

नातसून वैष्णवी आत गेली आणि स्टीलच्या चकचकीत ग्लासात पाणी घेऊन आली.

"अगं, ह्यो न्हवं," रंभाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, कपाबरोबर बशी आणायला विसरल्यावर म्हणावं तसं म्हणाल्या. "घरातला कशाला आनलास? खिडकीतला आन की."

"खिडकीतला? तो तर कुनाचाच न्हाई की, आज्जी."

"त्याचाच हाय. त्याच्या बाचा हुता, आता त्याचा."

सगळ्यांनी खिडकीकडं बघितलं. गजांच्या बाहेर, कट्ट्यावर, एक चेपलेला ॲल्युमिनियमचा ग्लास पालथा ठेवलेला होता. त्यावर धूळ होती. साक्षीला वाटलं, आपल्याला कुणीतरी कानाखाली मारली. आपल्या जातीच्या माणसाला घरातल्या भांड्यात पाणी द्यायचं नाही म्हणून हा ग्लास बाहेर ठेवलेला होता. गल्लीत कामाला येणारे आजोबा त्यातून पाणी प्यायले होते. बाबांनी प्यायचं नाकारलं होतं, भांडण न करता, घरून बाटली आणून. आणि तिनं सगळ्या जगाला ओरडून विचारलं होतं, का?

हरिदास बराच वेळ त्या ग्लासाकडं बघत राहिले. "अजून ठिवलाय व्हय," म्हणाले. मग वैष्णवीकडं वळले.

"पितो की. पानी घान हाय, म्हाईत हाय मला, तरी पितो. पन खिडकीतल्या गलासात न्हाई. तुमच्या हातात हाय त्या गलासात द्या."

वैष्णवीनं रंभाबाईंकडं बघितलं, रंभाबाईंनी दुसरीकडं बघितलं. ज्यांना मघापासून ते पाणी हरिदासांच्या घशात ओतायचं होतं, त्यांच्यातला एकही 'दे' म्हणाला नाही. वैष्णवीच्या हातातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं, तरी ती जागची हलली नाही.

"न्हाई ना?" हरिदास म्हणाले. "मग चावी द्या. पुढच्या गल्लीचीबी पाळी हाय."

पृथ्वीराजनं चावी दिली. हरिदासांनी पाइपाला कान लावला, हात विजारीला पुसला आणि चावी फिरवली. घराघरांत नळ खाकरले, कुणीतरी "आलं, आलं" म्हणून ओरडलं, आणि गर्दी बादल्या भरायला पळाली.

दोघं चालत मुख्य रस्त्याला लागले. साक्षीला रडू आवरत नव्हतं. "मी तो व्हिडिओ काढून टाकते, बाबा. आत्ताच्या आत्ता."

"टाक काडून, न्हाईतर ठिव. तुझं तू बघ." थोडं पुढं गेल्यावर ते थांबले. "पन त्या बसप्पाची बाटली घरातनं कोनतरी भरून देत असंल की. त्ये न्हाई सुचलं तुला?"

तिनं त्यांच्या खिशातली बाटली काढून घेतली. ती रिकामी होती.

व्हिडिओ तिनं रस्त्यातच पुसला. पृथ्वीराजचा मात्र तिला पुसता येणार नव्हता, तो कितीजणांकडं गेला असेल कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाणी उकळलं, गार केलं, बाटली काठोकाठ भरली. हरिदास चप्पल घालत होते. चिंचेच्या गल्लीची पाळी पुन्हा चार दिवसांनी होती.

"बाबा, मी पण येते," ती म्हणाली.