दर मिनिटाला वेगळा आकडा

मित्रांनो, अमरावतीच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात जो राखाडी डबा बसलेला असतो, तो मी. जुना गायगर काउंटर. माझ्यासमोर सीझियमची बटणाएवढी चकती ठेवतात. तिच्यातला एखादा अणू फुटला आणि त्याचा किरण माझ्या नळीत शिरला, की मी ‘टिक्’ म्हणतो. काम एवढंच, पण मला इथं येऊन झालेल्या तीस वर्षांत जेव्हा जेव्हा चालू केलं, तेव्हा इमानानं केलं.

मी आलो तेव्हा पंजाबराव सर शिकवत. ते दिवस आठवले की अजून भरून येतं. पोरं माझ्याभोवती गर्दी करत. पहिल्या मिनिटात मी एकशे चार वेळा टिकटिकलो, दुसऱ्यात त्र्याण्णव, तिसऱ्यात एकशे अकरा. पोरांना वाटलं, यंत्राचं डोकं फिरलं. सर हसले.

“कोणता अणू कवा फुटन, हे त्या अणूलेबी मालूम नाही. निसर्गच तसा हाय. पण पुष्कळ मिनिटं मोजा, सरासरी शंभराच्या आसपासच येईन.”

मग सर निवृत्त होऊन अकोल्याला गेले आणि पोरांनी मला चालू करणंच सोडलं. पहिल्या तुकडीचं जर्नल हातोहात फिरू लागलं. दरवर्षी तेच उतरवायचं, एकशे चार, त्र्याण्णव, एकशे अकरा. माझं तोंड असून मुक्यासारखं झालं. फार वाईट वाटायचं.

यंदा अंजनगाव सुर्जीची वर्षाली आली. तिनं माझ्यावरची धूळ झटकली, मला चालू केलं आणि मन लावून मोजलं. बावन्न, सत्तेचाळीस, अठ्ठावन्न.

“काहून डोकं खराब करून राहिली? जर्नल उतरव ना,” तिच्या वर्गातला कुंदन म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. नव्या सरांकडे जाऊन भाबडेपणानं म्हणाली, “सर, मशीन अर्धंच मोजून राहिली.” झालं. माझ्यावर ‘नादुरुस्त’ची चिठ्ठी लागली. सोमवारी भंगारवाला येणार, असं ठरलं.

प्रयोगशाळेतले जुने परिचर ओमप्रकाश यांना राहवलं नाही. त्यांनी अकोल्याला फोन लावला. शनिवारी पंजाबराव सर एसटीनं आले. थकले होते बिचारे. त्यांनी वर्षालीची वही, ते जुनं जर्नल आणि मधल्या वर्षांची जर्नलं शेजारी शेजारी ठेवून पाहिली.

“पोरी, या चकतीतले अर्धे अणू तीस वर्सांत फुटतात. आकडा अर्धा झाला, म्हणजे मशीन बराबर हाय. आन् तेच आकडे त्याच क्रमानं दरसाल येतात कुठी? हे तं माह्या पहिल्या पोरांनी मोजले होते.”

नव्या सरांची मान खाली गेली. तेही याच कॉलेजात शिकलेले, त्यांनीही हेच उतरवलं होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं माझी चिठ्ठी काढली आणि वर्षालीच्या शेजारी स्टुलावर बसून मोजायला लागले.

मित्रांनो, आणखी तीस वर्षांनी माझा आकडा पंचविसाच्या आसपास येईल. तेव्हा तुमच्यापैकीच कोणीतरी इथले सर असाल. मला मोडीत काढण्याआधी एकदा शेजारी बसा आणि मी काय म्हणतो ते स्वतः मोजा.